काकांच्या हातचं

...आणि हाताने नाही तर काय पायाने करणार, मला सांगा ना तुम्ही! नाही, मी विचारतोय. लोकर आहे, सुया आहेत, विणणारी बाई धडधाकट आहे. ती हातानेच विणणार की नाही? पण आमच्या भाचीला ते दर वेळी जगाला ओरडून सांगायचं असतं. टोपी असो, मोजा असो, चहाच्या किटलीचं झबलं असो... हो, किटलीला झबलं! आमच्या घरात आता किटलीही उघडी हिंडत नाही! ते मोबाईलसमोर धरायचं, मान तिरकी करायची, आवाज पाकात बुडवून काढायचा, आणि म्हणायचं, ‘हाताने केलंय हो, हाताने!’

तुम्हाला सांगतो, मी वजनमापं खात्यातून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले. पारड्याखाली मेण चिकटवणारे, वजनाच्या पोटात भोक पाडणारे, एकेकाला असा पकडलाय की मी बाजारात शिरलो की काटे आपोआप मध्यावर यायचे. निवृत्तीनंतर माझी अपेक्षा काय? खिडकीपाशी माझी खुर्ची, हातात पेपर, आणि जगाने माझ्याशी जरा कमी बोलावं. एवढं काय मोठं मागितलं हो मी?

पण ही भाची! म्हणजे आमच्या मंडळींच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. नाव चांगलं भारदस्त आहे तिचं, पण घरात सगळे बबडीच म्हणतात. नोकरी सोडून ‘दोन दिवस शांतपणे विचार करायला’ म्हणून आमच्याकडे आली ती... विचार अजून चालूच आहे. आल्या आल्या तिने हिचं कपाट उघडलं. आता आमच्या हिला विणायचं वेड लग्नाच्या आधीपासूनचं. नात्यातल्या एकूण एक माणसाच्या अंगावर हिचा स्वेटर आहे, आणि एकाही पठ्ठ्याने आजवर तोंडातून ‘वा’ काढलेला नाही. ‘गरम आहे हं’ म्हणतात. गरम आहे! हे काय कौतुक झालं? ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावूनही हेच म्हणतात! तर बबडीने कपाट उघडलं, छातीवर हात ठेवला आणि किंचाळली, ‘मावशी! अगं, हा ब्रँड आहे!’

मी म्हटलं, ते कपाट आहे.

ऐकतंय कोण! दुसऱ्या दिवशी मोबाईलवर दुकान उघडलं. आणि नेमका माझ्याच खुर्चीवर म्हणे प्रकाश चांगला पडतो. झालं! खुर्चीत टोप्या, टेबलावर मोजे, आणि मी स्वयंपाकघरात उभ्याने पेपर वाचतोय. बरं, नुसता फोटो टाकून भागत नाही. प्रत्येक वस्तूला गोष्ट लागते, गोष्ट! बबडी विचारते, ‘मावशी, ह्या टोपीची गोष्ट काय गं?’ ही बिचारी म्हणाली, ‘गोष्ट कसली... डोकं गार पडतं म्हणून टोपी.’ बबडीने लिहिलं, ‘एका अबोल सकाळी, धुक्याशी बोलता बोलता उमललेली टोपी.’ टोपी उमलली! अहो, मी समोर होतो ना! धुकं नव्हतं, आणि अबोल तर बिलकूल नव्हतं. गॅस संपला होता आणि आमची दोघांची त्यावरून जुंपली होती!

आणि ती गिऱ्हाइकं! एक बाई निळा रंग आहे का विचारणार, मग हिरवा, मग ह्या दोहोंच्या मधला, मग बाही जरा आखूड, मग बाही जरा लांब, आठवडाभर हिचा जीव खाणार आणि शेवटी, ‘नवऱ्याला विचारून कळवते.’ नवरा घालणार आहे का तो फ्रॉक? दुसऱ्या एका महाभागाने तर विचारलं, ‘हेच मशीनवर केलेलं मिळेल का? फिनिशिंग जरा बरं येतं.’ बबडी तिथेही तेच, ‘नाही सर, आमचं सगळं हाताने केलंय हो, हाताने!’

आता व्हिडिओ काढायचा ठरलं. आमच्या हिच्या सुया एरवी अशा चालतात की बघणाऱ्याला घेरी यावी. ही बोलते, भाजीवर लक्ष ठेवते, मला चार शब्द सुनावते, आणि हात आपले चालूच. पण समोर मोबाईल धरला की संपलं! ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखी ताठ. श्वास बंद. सुया हवेत. बबडी म्हणते, ‘मावशी, विण ना!’ ही ओठ न हलवता म्हणते, ‘विणतेय.’

कोणी बघितलं नाही. अगदी कोणी नाही. नातेवाइकांनीसुद्धा नाही. आणि तुम्हाला खरं सांगू? मी त्या दुकानाला हसत होतो, टोमणे मारत होतो, ते सगळं कबूल. पण सकाळी दात घासायच्या आधी ही मोबाईल उघडून बघायची, कोणी बदाम टाकलाय का... ते लाल बदाम असतात ना, आवडलं म्हणून देतात ते... आणि गुपचूप मोबाईल पालथा घालून ठेवायची. इतकी वर्षं ‘गरम आहे’ ऐकून गप्प बसलेली बाई. तिला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं की तुझ्या हातात काहीतरी आहे, आणि आता जगही तेच म्हणत होतं, गरम आहे. मला ते बघवेना. एक दिवस म्हणाली, ‘राहू दे गं बबडे. कुणाला हवंय?’

तर त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने मोठा स्वेटर परत पाठवला. नवऱ्याने नको म्हटलं असणार! आता नको झालेला स्वेटर उसवायचा, लोकर सोडवून गुंडा करायचा, हे काम आमच्या घरात लग्नापासून माझं. मला एक टाका घालता येत नाही, पण उसवण्यात माझा हात कोणी धरणार नाही! मी खुर्चीवरच्या टोप्या खाली टाकल्या, बसलो, आणि सगळ्या दुनियेचा राग त्या स्वेटरवर काढत भराभर ओढायला लागलो. बबडी समोर मोबाईल घेऊन काहीतरी खुटखुट करत होती. मी लक्ष दिलं नाही. तिथेच चुकलं!

तिने ते सगळं टिपलं आणि उलटं चालवलं. उलटं! शेवटाकडून सुरुवातीकडे! म्हणजे काय दिसतं? गुंड्यातून लोकर सुटतेय, सळसळत माझ्या बोटांत येतेय, आणि ओळीवर ओळ स्वेटर वाढतोय. सुया नाहीत, काही नाही! नुसती बोटं! आणि माझा तो वैतागलेला चेहरा म्हणे ध्यानस्थ दिसतो. मधे मी चहा तोंडातून कपात परत सोडतो, तेवढं तिने कापलं. खाली लिहिलं, ‘आमचे काका. शब्द कमी, माया जास्त.’

अहो, झुंबड उडाली! बदामांचा पाऊस! ‘काकांच्या हातात जादू आहे.’ ‘असा नवरा सगळ्यांना मिळो.’ ‘डोळ्यांत पाणी आलं.’ ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या डोळ्यांना दिसलं काय? माझ्या मागच्या खिडकीत समोरचे गृहस्थ उलटे चालत चाललेत, आणि त्यांचं कुत्रं शेपटी पुढे करून त्यांना ओढतंय! शेपटीकडून! एकालाही दिसू नये? मी तराजूचा काटा केसभर सरकला तर लांबून ओळखायचो, आणि इथे अख्खं कुत्रं उलटं चाललंय! एका शंकेखोराने विचारलं, ‘सुया कुठे आहेत?’ मला वाटलं, चला, एक तरी निघाला. बबडीने उत्तर दिलं, ‘ही जुनी, बिनसुईची पद्धत आहे.’ तो म्हणाला, ‘ओह, ग्रेट.’ ग्रेट!

आणि मग मागण्या सुरू. सगळ्यांना ‘काकांच्या हातचं’ हवं! ही दिवसभर विणतेय, मान अवघडतेय, आणि वर चिठ्ठी काय? ‘काकांनी हाताने केलंय हो, हाताने!’ मी आरडाओरडा केला. बबडी म्हणाली, ‘काका, मार्केटिंग असतं हे.’ मी म्हटलं, ह्याला आमच्या खात्यात दंड असतो. पण ही म्हणाली, ‘असू दे हो. जातंय ना लोकांच्या अंगावर.’ हसूनच म्हणाली. मी पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

मग एक दिवस एक बाई आपला स्वेटर घ्यायला दारातच आल्या. दार हिने उघडलं. मी आत होतो, सगळं ऐकू येत होतं. बाईंनी स्वेटर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि काय म्हणाव्यात? ‘अप्रतिम! काय हात आहे हो काकांचा! तुम्हीही थोडंफार विणता का?’

आणि आमची ही म्हणाली, ‘नाही हो. मी आपली गुंडे करून देते.’

लाज वाटली मला. सरळ सांगतो, लाज वाटली. पारड्याखाली मेण लावणाऱ्यांना मी भर बाजारात फैलावर घ्यायचो, आणि इथे माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, मीच मेण होऊन चिकटलो होतो! ही आत आली, सुया उचलल्या आणि पुढची ओळ विणायला बसली.

मी बबडीला म्हटलं, लाव तुझा मोबाईल. ते थेट बोलतात ना लोकांशी, ते लाव. लावला. मी खुर्चीत बसलो आणि साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखा स्वच्छ बोललो. म्हटलं, हे मी केलेलं नाही. मला विणता येत नाही. हे सगळं माझ्या बायकोने केलंय, लग्नाआधीपासून करतेय, मी फक्त उसवतो. तुम्हाला उलटं दाखवलं, तुम्ही फसलात.

मला वाटलं, आता शिव्या. अहो, बदाम! ‘किती नम्र!’ ‘बायकोला श्रेय देणारा पुरुष!’ ‘काका, तुमचे पाय कुठे आहेत?’ मी ओरडलो, अरे, नम्र कसला, खोटं आहे ते! खिडकीतलं कुत्रं बघा! तर लिहितात, ‘कुत्राही किती गोड!’

म्हटलं, थांबा, तुम्हाला प्रत्यक्षच दाखवतो. हिला ओढून खुर्चीत बसवलं, हातात सुया दिल्या, म्हटलं, विण, बघू दे ह्या आंधळ्यांना. आणि समोर मोबाईल! ही ताठ. श्वास बंद. सुया हवेत. कसाबसा एक टाका घातला, तोही सुईवरून घसरला! ज्या बाईने अंधारात बसून पाठ-पोट-बाह्या विणल्यात, तिचा टाका घसरला! आणि खाली काय येतंय? ‘काकू, घाबरू नका, जमेल!’ ‘काका, रागावू नका हं त्यांच्यावर, हळूहळू शिकवा.’

मी शिकवा! हिला!

मोबाईल बंद झाला. मला वाटलं, आता ही रडणार. ही उठली, मला त्या खुर्चीत बसवलं आणि सुया माझ्या हातात कोंबल्या. म्हणाली, ‘चिठ्ठीवर काकांनी केलंय असं लिहितात ना? मग करा. खोटं तरी राहणार नाही.’

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, हालच हाल! एक सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट... मी विणतो आणि ही डोक्यावर उभी. ‘अहो, टाका आवळताय की चोराच्या मुसक्या?’ ‘अहो, हे भोक कसलं? वजनाच्या पोटातलं का?’ बोटं सुजली, पेपर वाचायचा राहिला, पण शेवटी एक मफलर झाला. ह्या टोकाला वीतभर, त्या टोकाला दोन वीत, मधे पोट सुटलेलं. पण माझा! पहिली टाक्याटाक्याने खरी वस्तू! मी स्वतः बबडीसमोर बसून लिहवून घेतलं, ‘हे मात्र काकांनीच, हाताने केलंय हो, हाताने!’

टाकला फोटो. आणि पहिलीच प्रतिक्रिया आली... ‘छे! काकांची सफाई नाही ह्यात. हे काकूंनी केलेलं दिसतंय.’

मी उखडलो. म्हटलं, बबडे, दे तो मोबाईल, ह्याला आता मी... तर हिने तो मधल्यामधे घेतला. इतक्या दिवसांत हिने त्यावर स्वतः होऊन एक अक्षर टाकलं नव्हतं. चष्मा लावला, एका बोटाने शोधत शोधत लिहिलं, ‘हो. काकू शिकतेय अजून.’

आणि बदाम हो, बदाम! थांबेचनात! ‘शाब्बास काकू!’ ‘पहिल्याच प्रयत्नात किती छान, काकू!’ आणि ही खुर्चीत बसून, तोंडाला पदर लावून, एकेक मोठ्याने वाचून दाखवतेय मला, हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहतंय हिच्या. उभ्या जन्मात हिच्या विणकामाला कुणी वा म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी म्हटलं... आणि म्हटलं ते कशाला, तर माझ्या मफलरला!