पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बिया

कॉफीच्या दुकानातल्या रांगेत एक दंतवैद्य सतत घड्याळ बघत होता. मग पुढच्या जोडप्याची पाळी आली आणि त्यानं घड्याळाचा नाद सोडला.

“काका, घरच्या मशीनला सध्या कुठल्या बिया वापरता?” दुकानदारानं विचारलं.

“मशीनबरोबर फुकट आलेल्या.”

“तीन महिन्यांपूर्वी,” काकू म्हणाल्या. “कॉफीवर फेस म्हणून नाही. आजही जमली नाही, तर मशीन माळ्यावर. स्टूल काढूनच आलेय मी.”

“घरी चांगल्या बिया नाहीत?”

“आहेत की! भारीतल्या. पाहुण्यांसाठी ठेवल्यात.”

“पाहुणे कधी येणार?”

“हिचा भाऊ यायचाय. तो म्हणतो, कॉफी जमायला लागली की बोलवा.”

दुकानदारानं दुसऱ्या बिया वजन करून पिशवीत भरल्या आणि पिशवी त्यांच्यापुढे धरली.

“काका, भाजल्यावर महिन्याभरात बियांचा वास उडतो. या कालच भाजल्यात. आज घरी जाऊन तुम्हीच प्या.”

“आम्हीच?” काकूंनी पिशवीत नाक घातलं. ते बराच वेळ बाहेर आलं नाही. “अहो...”

“तुझ्या भावाला फोन लावू?”

“काही नको. आधी ही पिशवी संपू दे.”

“आणि स्टूल?”

“त्यावर तुम्ही बसा. मशीन मी चालवते.”