मनीने शोधलेला बिघाड

हसू नका, पण आमच्या गाडीचा बिघाड मांजराने शोधला. परवा पेडण्याला मुलीचा साखरपुडा आणि गाडी पीयूसीत दोनदा नापास. देवगडातला आमचा मेकॅनिक बाबू म्हणाला, "सर, ऑक्सिजन सेन्सर गेलो." नवा बसवला, तरी इंजिनाचा दिवा पेटलेलाच. मग बाबू स्कॅनर घेऊन घरी आला.

"काय सांगतोय स्कॅनर?" मी विचारलं.

"सेन्सर गेलो म्हणता," बाबू स्क्रीन वाचत म्हणाला.

"अरे, कालच बसवलंस ना?"

इकडे आमची मनी चार दिवस बॉनेटवर ठाण मांडून होती. मी काठी उचलली, तशी बायको म्हणाली, "तिका कित्याक मारतास? ती काय सांगता ता बघा."

बाबूने हसत बॉनेट उघडलं. मनीने थेट बॅटरीमागे उडी घेतली आणि उंदीर तोंडात धरून बाहेर आली. तिथेच सेन्सरची वायर कुरतडलेली, शेजारी सुक्या बांगड्याची शेपटी. मागच्या आठवड्यात मीच डिकीतून बांगडे आणले होते.

वायर जोडली, गाडी पास झाली. बाबू हात पुसत गंभीरपणे म्हणाला, "सर, फुडच्या टायमाक गाडी आधी मनीक दाखवा. तिका नाय समाजला तर माझ्याकडे येवा."