गेटवरचा भोंगा

हॅलो?… हो बाबा, मीच, खुशबू… बोला ना… काऊन, काय झालं?

माही दिव्यानी उठली? मग उचला की तिले!… आई कुठी गेली?… बाजारात. अन् शेजारची ललिताबाई?… ते पण संगच गेली. घ्या!

म्हणजे घरी तुमी दोघंच, आजा अन् नात… अन् तुमी कुठून बोलून राह्यले?… पडवीतून? पाळण्याची दोरी धरून?… अरे बाप्पा, एवढी लांब दोरी बांधली!

नाई, मले नाई येता येत. ड्युटीवर आहे ना मी. कारखान्याच्या गेटवर आज दुसरं कोणी नाई. भंगाराचा ट्रक आला तर मशीनवर कोण बसन?… हो, हो… बाबा, ऐका ना… ऐका तर!

त्या दिवशी गेटवर भोंगा वाजला होता, माहीत आहे मले. मी इथीच होती. तुमी माह्यासाठी डबा घेऊन आले, गेटमधून चालत, अन् वाजला तो. अन् आपला धनराज शिपाई, रोज तुमच्या तंबाखूवर जगणारा, तुमाले पाहून मागं पळाला. तेच लागलं तुमाले… नाई? बरं, नाई लागलं.

पण डॉक्टर काय बोलले होते? गळ्याच्या गाठीच्या ऑपरेशननंतर नागपूरले जे किरणं सोडणारं आयोडीन पाजलं, त्याचे लेकरापासून दूर राहाचे दिवस कधीचेच सरले. भोंगा वाजल्यावर मी पुन्हा फोन लावला त्याईले. हसले ते. म्हणे, बिनधास्त घेऊ द्या नातीले.

काय?… "डॉक्टर चुकन, मशीन चुकत नाई"… वा रे वा! बाबा, त्या मशीनले मी ओळखते. तुमी ओढत राहा दोरी, हळूहळू… झाली ना चूप?… मग ऐका.

आत्ता एकही ट्रक नाई. ऊन नुसतं थरथरून राह्यलं रस्त्यावर. पळसाखाली कुत्रं झोपलं. अन् टेबलावरचं किरणं मोजाचं लहान मीटर एकटंच बोलून राह्यलं. थांबा, फोन जवळ नेते… येते ऐकू?

टक… टकटक… मग किती वेळ काईच नाई… टक. पहाटे मोहफुलं पडतात ना, एक इथी, एक तिथी, तसं. इथी कोणी नाई, तरी. जमिनीतून येते ते, आभाळातून येते, या भिंतीतून, माह्या हाडातून. शून्य कधीच होत नाई, बाबा. मी ऐकत बसते अन् डोळे जड होतात. वाटते, झाडं, दगड, आपण सगळे झोपेत काहीतरी पुटपुटून राह्यलो… लय बरं वाटते तेव्हा.

हो, हो, भोंग्यावर येते.

गेटच्या दोन्ही बाजूले जे खांब आहेत, ते हेच टक-टक मोजतात. मागच्या डब्ब्यात एक हद्द बसवलेली आहे. टक-टक हद्दीच्या वर गेली, का डब्बा रिलेले सोडून देते… रिले म्हणजे खटका समजा, विजेनं ओढून धरलेला. सुटला का लाल लाइट लागते, भोंगा वाजते, गेटची दांडी अडकून बसते… नाई, उलटं. धरून ठेवलं तवरच चूप. वायर तुटली, लाइन गेली, तरी सुटते अन् बॅटरीवर बोंबलते. मुद्दाम तसं केलं आहे, बिघडलेलं मशीन गुपचूप बसू नये म्हणून.

अन् ते हद्द कोण बसवते? मी! तुमची पोरगी. लय खाली ठेवली आहे. काऊन का, भंगाराच्या ढिगात खोल कुठी किरणं सोडणारी खराब वस्तू दबली असन, तर बाहेर इवलुसंच येते. ते पकडावं लागते. तुमच्या अंगात उरलं तेही इवलुसंच… मागं चैतू ड्रायव्हरनं घरच्या धानासाठी पोटॅशचे पोते टाकले गाडीत, तरी वाजला; पोटॅशमधूनही जराशी किरणं निघतात ना. आता त्या पोत्याले काय गावाबाहेर ठेवलं का त्यानं?

तो भोंगा फक्त म्हणते, "थांबा, पाहून घ्या." हा माणूस वाईट, याले शिवू नका, असं नाई म्हणत तो.

अन् एकदा वाजला का आपोआप बंद होत नाई. ट्रक निघून गेला तरी वाजतच राहते, कोणी येऊन बटन दाबेपर्यंत. इथलं बटन मी तेव्हाच दाबलं, बाबा. तुमच्या डोक्यातला अजून वाजून राह्यला.

ललिताबाईनं सांगितलं मले. ताट वेगळं, गिलास वेगळा. स्वतःच घासता, पडवीतच ठेवता… पहिले काही दिवस ठीक होतं, डॉक्टरनंच सांगितलं होतं. पण आता? आपल्या घरात? आपल्या आज्याले हॉटेलात वेगळी कपबशी दिली तर त्यानं तिथीच आपटून फोडली होती, तुमीच सांगत होते ना मले छाती फुगवून! अन् तुमी घरातल्या घरात स्वतःले बाहेर बसवलं?… मले राग येते, बाबा. रडू येते.

थांबा… पाळणा वाजला काय?…

हे कोण, दिवू? उठून बसली?… पाळण्याच्या काठाले धरून उभी राहून राह्यली? अरे, पडन ते! दोरी सोडा! आत जा… जा ना, बाबा!

उचला… मान? मान कशाले धरता, आता मान धरते ते. बसते पण… तुमाले कसं माहीत असन. ऑपरेशनच्या आधी घेतली होती तुमी, तेव्हाची मान पडत होती…

फोन ठेवा खाटेवर. ठेवा! दोन्ही हातानं घ्या!

हॅलो?… बाबा?… रडून राह्यली… अजून रडून राह्यली…

थांबली.

बाबा?… आता हे कोण रडून राह्यलं?… नका ना… बरं, रडा. रडा बाप्पा, कोणी नाई पाहून राह्यलं.

नाई, फोन तुमी नका उचलू. तुमचे हात मोकळे नाईत. मीच ठेवते.