न्यूसन्स कोनाला बोलतात

मी नावडे गावचीच, बाय. माहेरपन हितलाच, सासरपन हितलाच, मधी फकत भातशेताचा एक बांध. ती शेती सरकारनी घेतली, भराव टाकला, आन त्याच्यावर या बिल्डिंगी उभ्या राह्यल्या. मालक माझा खाडीत जाला टाकाचा, पन तलोज्याच्या कंपन्यांचा पानी आला, म्हावरा मेला, उरला त्याला घासलेटचा वास, कोन खाईल? मंग मीच पाटी घेतली डोक्यावर. सकाली पनवेलच्या बाजारातून म्हावरा आनायची आन बिल्डिंगच्या जिन्याखाली बसायची. त्या जागेवर आमचा घर चालत व्हता, मालकाचा दवापानी, पोरीची शाला, सगला. काय सांगू तुमाला, ती जागा आपली नाय असा कवा वाटलाच नाय.

बिल्डिंगीतली मानसा पन बरी व्हती, खोटा कशाला बोलू. सावंत वहिनी रत्नांग्रीची, ताजा बांगडा दिसला का तिचा तोंड उजलाचा, मावशी मावशी करत चहा आनायची. सोसायटीचा सेक्रेटरी साताऱ्याकडचा, कंपनीत साहेब, त्याला पापलेट लागाचा. न्यूसन्स हा शब्द मी पैला त्याच्याच तोंडून ऐकला. कुत्री भुकली, बोलला न्यूसन्स. आमच्या गावची म्हस रस्त्यात बसली, न्यूसन्स. हलदीला बेंजो वाजला, न्यूसन्स. मी वहिनीला इचारला, बाय गो, हा काय हाय? ती बोलली, अगं मावशी, लोकांना नको असतो तो त्रास. मी बोलले, मंग आमी त्याला पीडा बोलतो. दोघी हसलो. मंग मी पन घरी बोलाय लागले, मालक बिडीसाठी पाठी लागला का मी बोलायची, न्यूसन्स झाला तुजा. पन सांजचा कंपनीचा धूर सुटाचा, डोले झोंबाचे, पोरा खोकाची, तवा साहेब खिडकी लावून घ्याचा, त्याला न्यूसन्स बोलाचा नाय. तवा नवल वाटाचा. आता नाय वाटत. ज्याला हाकलता येतो त्यालाच बोलतात तो.

तर झाला काय, बिल्डिंगवाल्यांनी झाडा लावली, कोन तरी पाव्हना आला, फोटू काढले, मंग पानी घालाला कोन नाय. सुकाय लागली. मना राहावला नाय. आमच्यात म्हावरा धुतलेला पानी गटारात टाकत नाय, माडाच्या बुडात वततात, माड कसा माजतो. आन शेवटी त्या भरावाखाली शेत माझ्या सासऱ्याचाच ना? मी रोज वतला. झाडा तरारली, पालवी फुटली, मी रोज बघायची. पन भरावाची माती ती, तिच्यात पानी मुरला नाय, वास सुटला, माशा झाल्या, मांजरा माती उकराय लागली.

मीटिंग भरली. मावशीचा न्यूसन्स झालाय, साहेब बोलला, मी जिन्यातच उभी. मी पुढं झाले, बोलले, साहेब, झाडांसाठी केला, परत नाय करनार, जिना धुऊन देते, फिनेल माझा. तो बोलला, मावशी, तुमच्यावर राग नाही, पण लोकांना त्रास होतो. मी वहिनीकडं बघितला. ती खाली मान घालून बसली. साहेबाचा नाय, तिचा राग आला मना, अजून येतो.

मंग गेट लागला, वाचमन बसला. आता मी हायवेला एसटीडी बूथच्या पुढं सुकट-बोंबील घेऊन बसते, त्या धुलीत कोन थांबतो? मालकाचा दमा वाढला, पोरीची शाला सुटली. तीच आता त्या बिल्डिंगीत धुनीभांडी करते, सावंत वहिनीकडंपन. काम लागला तवा मी देवाला नारल दिला.

काल तिच्या पोटात दुखत व्हता, म्हनून सांजला सुकटीची पाटी घेऊन तशीच तिला आनाला गेटपाशी गेले. ती आली, वाचमनकडं बघितला, हलूच बोलली, आये, तू हिकडं नको येत जाऊ. तिला पुढं जाऊ दिला, मी मागनं, जरा लांबनं चालले. मना तर माझा वास येत पन नाय, बाय. र्‍हाऊ दे. पोर सुखी राहो माझी.