कातळाईच्या जत्रेतला निवेदक

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. बोलणं झालं, असं म्हणायचं कधी? तोंडातून शब्द बाहेर पडले, की झालं? मग सलूनमधला रेडिओ सगळ्यात मोठा वक्ता! की समोरच्याच्या कानावर पडले, म्हणजे झालं? कानावर काय, त्या मागच्या खांबाला टेकून डुलकी काढणाऱ्या काकांच्याही पडतंय. हसू नका, जागे होतील ते.

उत्तर मी देत नाही. भार्गवचं काय झालं ते सांगतो, ऐका.

डोंगराच्या कपारीत कातळाईचं देऊळ. खालपासून वरपर्यंत दगडी पायऱ्या, अरुंद, एका बाजूला दरी. आणि भार्गव गुंजाळ म्हणजे तिथल्या जत्रेचा निवेदक. आवाज असा भरदार, की पायथ्याचा भेळवाला मान वर करायचा. पण एकदा माइक हातात आला, की सुटायचा नाही. पाहुण्यांची ओळख सुरू केली – सौजन्यमूर्ती, कार्यतत्पर, दीनांचे कैवारी – की पाहुणेच मागे वळून बघायचे, अजून कोण आलंय म्हणून! लोक टाळ्या वाजवायचे. कशासाठी? संपलं म्हणून. भार्गवला वाटायचं, आवडलं म्हणून.

त्या वर्षी जत्रेला गर्दी मुंग्यांसारखी. भार्गव देवळासमोरच्या ओट्यावर उभा, हातात माइक. पाहुणे आले. कुणीतरी हौसेनं फटाक्यांची माळ लावली. धूर वर चढला, कड्याला लागला – आणि कड्याला होतं आग्या मोहोळ!

मंडळी, ज्यानं आग्या माश्या उठलेल्या पाहिल्यात, त्याला मी काय सांगू? आधी नुसता आवाज येतो. मग उजेड कमी होतो. भार्गवनं वर पाहिलं आणि मग खाली पाहिलं. पायऱ्यांवर माणसाला माणूस चिकटलेलं. ही गर्दी पळत सुटली, तर माश्या राहिल्या बाजूला, दरीच पुरेल.

माइक कुणाच्या हातात? याच्या. आणि हा काय बोलला?

"सन्माननीय भाविकहो, उद्भवलेल्या अनपेक्षित परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर आपण सर्वांनी संयमाचे दर्शन घडवून यथायोग्य सहकार्य करावे, अशी मी नम्र विनंती..."

काय कळलं हो? तुम्हाला इथं पंख्याखाली बसून कळलं नाही, त्यांना तिथं काय कळणार? पायथ्याच्या लोकांनी एकच शब्द ऐकला – दर्शन. त्यांना वाटलं, दर्शन सुरू झालं. ते वर रेटू लागले. वरचे घाबरून खाली रेटू लागले. आणि मधले?

मध्ये भार्गवला त्याची बहीण दिसली. सुलभा. कडेवर तान्हं लेकरू. दरीच्या बाजूला लोटली गेलेली, आणि डोळे वर, भावाच्या तोंडाकडे. माश्यांकडे नाही हो, भावाकडे! आता दादा काहीतरी सांगेल, म्हणून.

भार्गवची सगळी विशेषणं कुठं गेली, देव जाणे. एक माशी गालाला डसली. त्यानं श्वास घेतला. आवाज खाली आणला, घरात ओसरीवर बोलतात तेवढा. आणि म्हणाला,

"सुलभा. पदर डोक्यावर घे. बाळाचं तोंड झाक."

थांबला. तिनं पदर घेतला. आणि मंडळी, तिच्या आजूबाजूच्या पन्नास बायांनी पदर घेतला, पुरुषांनी उपरणी घेतली! त्यानं सांगितलं एकीला, ऐकलं सगळ्यांनी.

"आता पळू नकोस. उजव्या हाताला धर्मशाळा आहे. हळू चालत आत जा."

ती चालली. तिच्यामागे रांग चालली.

मग त्यानं पायथ्याकडे तोंड केलं. "खालचे लोक, थांबा. वर माश्या उठल्यात. मागे फिरा, गाड्यांत बसा, काचा लावा. ऐकू आलं त्यांनी हात वर करा." आणि तो वाट बघत राहिला. सांगून मोकळा नाही झाला! खालून पाच-पंचवीस हात वर आले. पुरे नव्हते. त्यानं तेच परत सांगितलं, त्याच शब्दांत, तितक्याच सावकाश. मग खाली हातांचं रान उगवलं, आणि गर्दी मागे सरली.

"गुरव काका, गाभाऱ्याचं दार उघडा. ओट्याजवळच्यांना आत घ्या."

कपाळाला डसल्या, मानेला डसल्या, ओठाला डसल्या. आवाज त्यानं चढू दिला नाही. आपण किंचाळलो की हे धावतील, हे त्याला दिसत होतं. शेवटचं माणूस दाराआड गेलं, तेव्हा त्याला दोघांनी उचलून आत ओढलं.

डसल्या पुष्कळांना. चौघांना दवाखान्यात ठेवावं लागलं, त्यात भार्गव एक. पण दरीत कुणी गेलं नाही. चेंगरलं कुणी नाही. आईची कृपा म्हणा, आणि तिनं ती कृपा त्या दिवशी दोन-दोन ओळींत धाडली, असंही म्हणा.

दुसऱ्या दिवशी सुलभा दवाखान्यात आली. भार्गवचे ओठ असे सुजलेले, की शब्द फुटेना. ती खाटेशेजारी बसली. एरवी हिनं तोंड उघडायच्या आत यानं तिला उपदेश ऐकवला असता. आज करणार काय? त्यानं हातानंच विचारलं – काय गं?

आणि ती बोलायला लागली. तिच्यावर सासरी हात उगारला जातो, हे ती त्याला वर्षभर सांगू बघत होती. पहिलं वाक्य झालं, की यानं धीर, त्याग आणि संस्कार यांवर सुरू करायचं. आज ती शेवटपर्यंत बोलली. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. डोळ्यांतलं पाणी सुजलेल्या गालांवरून वाट काढत होतं.

ती थांबली. म्हणाली, "दादा, मी काय करू?"

त्यानं कसेबसे ओठ हलवले. "नको जाऊ. घरी चल."

मंडळी, इतक्या वर्षांत त्याचं याहून मोठं भाषण झालं नाही.

आता तुम्ही घरी जाल. ताटावर बसाल, आणि कुणीतरी काहीतरी सांगायला लागेल. बायको असेल, म्हातारे वडील असतील, लेक असेल. तुमच्या जिभेवर उत्तर तयार असेल, मला ठाऊक आहे. ते गिळा. त्या माणसाच्या तोंडाकडे बघा, आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. मग बोला – त्याच्याशी, थोडं, त्याला कळेल असं.

बोला, कातळाई माते... नाही, थांबा. आज बोलू नका. क्षणभर शेजारच्याकडे बघा, आणि मग हात जोडा.