कुरजांच्या तळ्यावरचे माझे तंबू

मी मूळचा सायखेड्याचा, पिंजाऱ्याच्या घरचा. बाप गोदाकाठच्या गावांतून गाद्या-रजयांचा कापूस पिंजत फिरायचा, पण त्या धुरळ्यात माझा जीव घुसमटायचा, म्हणून देवळाली कॅम्पात पळालो आणि साहेबांचे फाटके तंबू शिवायला बसलो, शिवत शिवत स्वतःचे तंबू केले, भाड्याने द्यायला लागलो. कुणी हात दिला नाही. भाव करताना उस्मानला कुणी हरवलेलं नाही हे बाजारात कुणालाही विचारा, मास्तर. डोकं लवकर तापतं तेही विचारा, लगेच सांगतील.

तर पलटणीत एक कप्तान होता, पाखरांचा लय वेडा. बंदूक नाही, नुसती दुर्बीण. थंडीत सुटी काढून मडम आणि दोस्तांना घेऊन मारवाडच्या वाळवंटात जायचा, कारण उत्तरेकडून येणारे करकोचे आधी तिथे उतरतात, तिथले लोक त्यांना कुरजां म्हणतात. तंबू माझे. पहिल्या खेपेला काय झालं सांगू, आपल्या मुरुमात घट्ट बसतात त्या लोखंडी मेखा मी तिथे वाळूत ठोकल्या, आणि दुपारच्या वाऱ्यात मडमचा तंबू जो उडाला तो पार बाभळीवर जाऊन बसला, सगळं गाव हसलं. मग तिथल्या म्हाताऱ्या मुखियाने शिकवलं, की दोराला झुडपांची मोळी बांधायची आणि ती वाळूत खोल पुरायची, तुफान आलं तरी हलत नाही.

त्या गावाला तळं एकच. त्यावर कुरजां उतरायच्या, तेच पाणी गाव प्यायचं, बाहेरच्याला थेंब नाही. मी मुखियाशी सकाळपासून घासाघीस केली, पैसे वाढवले, गूळ देतो म्हटलं, रजया देतो म्हटलं, तो आपला चिलीम ओढतोय. शेवटी म्हणाला, कुरजां आमच्या माहेरवाशिणी आहेत, तळ्यावर बंदूक येणार नाही एवढा शब्द दे आणि हवं तेवढं पाणी ने. मी दिला. कप्तानाला सांगितलं, त्यानेही हो म्हणून हात मिळवला.

काही हिवाळे नीट गेले. मग एकदा कप्तानाने पाहुणा आणला आणि त्याच्या वळकटीतून बंदूक निघाली. सकाळी कुरजां तळ्यावर उतरल्या आणि याने बार काढला. एक पडली, बाकीच्या आभाळात ओरडत फिरत राहिल्या. मुखिया आला, पाहुण्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघत उभा राहिला. कप्तान चहा पीत मला म्हणतो, अरे, एक पाखरू तर आहे, म्हाताऱ्याला काहीतरी देऊन मिटव. देऊन मिटव म्हणे. मी एकेक मोळी उपसली आणि ते बसले होते तिथेच तंबू खाली पाडले. कप्तान ओरडला, हुकूम आहे, उभे कर. मी म्हटलं, साहेब, पलटण तुमची, तंबू माझे.

निघताना मुखियाने पाण्याची एक कातडी पखाल भरून दिली, माझ्या एकट्यासाठी, बाकीच्यांना थेंब नाही. ती मी मडमच्या उंटाला बांधली आणि स्टेशनापर्यंत कोरड्या घशाने चाललो. कप्तानाने हे डोळ्यांनी बघितलं. आणि देवळालीत बोंब काय, तर उस्मानने मडमला वाळवंटात पाण्यावाचून टाकून दिलं. पाहुण्याने उठवली, कप्तान गप्प बसला. माझा कॅम्पात शिरायचा परवाना गेला.

आता फाटकाबाहेर बसतो, लग्नाचे मांडव शिवतो, पोट भरतं. मध्यंतरी कप्तान स्वतः आला. ते गाव त्याला पाणी देईना, आधी तंबूवाल्याला आणा म्हणतात. दुप्पट भाडं देतो म्हणाला, परवानाही परत देतो. जन्मात पहिल्यांदा मी भाव केला नाही. म्हटलं, भरल्या बाजारात उभं राहून सांगा, मडमच्या उंटाला पखाल कुणी बांधली. तो टोपी हातात फिरवत राहिला, मग निघून गेला. नाही तर नाही, माझे तंबू वाळूत लागणार नाहीत.

परवा सायखेड्याला गेलो होतो, नदीत करकोचे उतरलेत. अल्ला त्यांना सुखरूप परत नेवो. कप्तानालाही मोठं आयुष्य देवो, बाजारापर्यंत यायला त्याला लागेल तेवढं.