काठोकाठ भरलेला डबा

जुन्या बाई: अर्धाच कप दे गं. एवढा चहा पिऊन मला काय वर्ग घ्यायचाय?

नव्या बाई: वर्गच घ्यायचाय, बाई. म्हणून तर बोलावलं. मधली सुट्टी संपली की तिसरीची पोरं येतील, आणि शाळेच्या मोठ्या बाई दारात उभ्या राहून बघणार आहेत. आज पाणी सांडलं की सोमवारपासून रंगपेट्या कपाटात. नुसते खडू.

जुन्या बाई: मोठ्या बाईंना खडूंचा एवढा पुळका कशाने आला?

नव्या बाई: काल रंगाचं पाणी थेट व्हरांड्यात गेलं. मावशी घसरल्या, मनगट मुरगळलं त्यांचं. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतलाय, पण चित्रकलेचा तास म्हणजे नुसता मासळीबाजार!

जुन्या बाई: नळाला चिंधी अजून तीच?

नव्या बाई: तुम्हीच बांधलेली. सोडवायचा धीर झाला नाही.

जुन्या बाई: आणि खुंटीवरचे शर्ट? बापांचेच का?

नव्या बाई: बापांचेच. रंग लागू नये म्हणून उलटे घालायचे, बटणं पाठीवर. आणि बटणं कोण कोणाची लावणार यावरून मारामारी. तेही तसंच.

जुन्या बाई: तुझ्या बाबांचा निळ्या रेघांचा होता. पार घोट्यापर्यंत यायचा. त्यात पाय अडकायचा, तू आपटायचीस आणि पाणी सगळ्यांच्या चित्रांवर!

नव्या बाई: अजून आठवतंय तुम्हाला?

जुन्या बाई: सांडोबा म्हणायचे तुला सगळे. विसरेन कशी? तीच सांडोबा आज याच टेबलाशी बाई होऊन उभी आहे. दारातून पाहिलं आणि डोळेच भरून आले बघ. बरं, ते असू दे. हल्लीचा सांडोबा कोण?

नव्या बाई: दोन वेण्यांची एक आहे. काल तिचाच डबा कलंडला. सकाळी फाटकापाशी गाठून विचारते कशी, ‘बाई, मी खडूच वापरू का?’ आणि रंगात हात काय सुरेख चालतो तिचा!

जुन्या बाई: पाण्याचे डबे बघू. हे काय? अर्धेच भरलेस?

नव्या बाई: कमी पाणी, कमी सांडलवंड.

जुन्या बाई: तिथंच चुकतंय तुझं. अर्धा डबा हातात आला की पोर उधळतं. ह्यात काय सांडणार, म्हणतं! काठोकाठ भरलेला देऊन बघ. जीभ बाहेर काढून, पाऊल मोजूनमापून टाकतं. तुम्हाला कधी अर्धा दिला होता मी?

नव्या बाई: नाही... खरंच की! नळापासून खिडकीपर्यंत श्वास रोखून जायचो आम्ही. केवढा लांब वाटायचा तो रस्ता. आणि मला वाटायचं, बाई किती दुष्ट आहेत, सांडणारीच्या हातात मुद्दाम भरलेला डबा देतात.

जुन्या बाई: दुष्ट होतेच मी.

नव्या बाई: तरी मी सांडायचेच.

जुन्या बाई: सांडायचीस, पण दर खेपेला जरा कमी. वर्ष सरता सरता माझाही डबा तूच आणून द्यायला लागलीस.

नव्या बाई: पहिला डबा मात्र तुम्हीच न्यायचात. सगळ्या वर्गासमोर. आजही तुम्हीच न्या ना!

जुन्या बाई: मी नाही.

नव्या बाई: का पण?

जुन्या बाई: नको म्हटलं ना. तू ने.

नव्या बाई: बाई... चहा अर्धा मागितलात तो याच्यासाठीच का?

जुन्या बाई: हात थरथरतात गं. घरी ब्रश धरला की रेघ भलतीकडेच जाते. सोडूनच दिलं मी. आता मोठ्या बाईंसमोर डबा हिंदकळला, तर तुझ्या रंगपेट्या माझ्यापायी कपाटात जायच्या. आणि पोरं हसतील ते वेगळंच.

नव्या बाई: मी पहिल्यांदा सांडलं तेव्हा टेबलाखाली जाऊन बसले होते. तुम्ही वाकून काय म्हणालात, आठवतं?

जुन्या बाई: रागावले असेन.

नव्या बाई: ‘सांडलं तर पुसायचं. फडकं नळाखाली आहे.’ एवढंच म्हणालात आणि गेलात दुसऱ्याचं चित्र बघायला. त्या एका वाक्याच्या जोरावर मी बाहेर आले, बाई. इथवर आले.

जुन्या बाई: फडकं अजून तिथंच असतं?

नव्या बाई: तिथंच.

जुन्या बाई: मग भर. काठोकाठ भर.

(घंटा होते. मुलं गलका करत आत येतात.)

नव्या बाई: सावकाश, बाई. मी आहे मागे.

जुन्या बाई: मागे नको, धक्का लागेल. बाजूने चल. आणि बोलू नकोस.

नव्या बाई: बरं.

जुन्या बाई: अगं, वर्ग एकदम गप्प कसा झाला? कोणी ओरडलं का?

नव्या बाई: कोणीच नाही. सगळे डब्याकडे बघतायत. बाकं सरकवून वाट करून दिलीय तुम्हाला. मोठ्या बाईसुद्धा श्वास धरून उभ्या आहेत.

जुन्या बाई: सांडलं ना?

नव्या बाई: थोडंसं.

जुन्या बाई: थोडंसं म्हणजे किती?

नव्या बाई: तुम्ही चालत राहा, बाई. ती दोन वेण्यांची फडकं घेऊन निघालीय.